अर्जात नसलेली बायको

मावळातल्या बेडशाच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले तीन छोटे लेख आहेत. चैत्यगृहाच्या ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे दान नोंदलेले आहे. पाण्याच्या टाक्यापाशी महारठिनी सामडिनिकेचे नाव येते, ती महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची पत्नी. तिसरा लेख गोभूती नावाच्या अरण्यवासी भिक्षूच्या स्तूपावर असून हा स्तूप त्याच्या शिष्याने करवला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या मंडळींनी आपली ओळख नात्यातूनच दिली: अमक्याचा मुलगा, तमक्याची बायको, अमक्याचा शिष्य. परगावी नाव नोंदवायचे तर आधी आपली माणसे सांगायची, ही रीत या डोंगरात तेवढी जुनी आहे.

आज कामशेत, वडगाव, तळेगावची पोरे परदेशी जायला निघतात तेव्हा त्यांच्यापुढे हीच रीत अर्जाच्या रूपात येते. कोणी आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात वेल्डर झालेला असतो, कोणी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, कोणी पुण्याच्या रुग्णालयात परिचारिका. त्यांची सगळी धास्ती इंग्रजीच्या परीक्षेची, बँकेतल्या शिलकीची आणि अनुभवाच्या पत्रांची. कुटुंबातील सदस्यांचे पान येते तेव्हा मात्र सगळे सैलावतात. आपल्या घरात कोण कोण आहे हे काय कोणी विचारावे! ते पान एजंटच भरतो, आणि तिथेच घात होतो. कुशल कामगार म्हणून स्थलांतराच्या अर्जात माणसाला आयुष्यभर महागात पडू शकणारे पान कुठले, याचे उत्तर बहुधा हेच आहे.

कॅनडाचे उदाहरण घ्यावे, कारण तिथला नियम फार कडक आहे आणि मराठी अर्जदारही तिकडे भरपूर. तिथे कुटुंबाच्या दोन याद्या असतात, आणि घोळ या दोन याद्यांचाच होतो. पहिली यादी माहितीची. ‘अतिरिक्त कौटुंबिक माहिती’ या 5406 क्रमांकाच्या अर्जात नवरा किंवा बायको, आई, वडील, सगळी मुले आणि सगळी भावंडे लिहायची असतात. सावत्र आणि दत्तक मुलेही त्यात आली, लग्न होऊन वेगळी राहणारीही आली. जी माणसे हयात नाहीत त्यांच्याही मृत्यूची तारीख आणि ठिकाण द्यावे लागते. दुसरी यादी हक्काची, म्हणजे अर्जदाराच्या जोरावर ज्यांना कायमचा वास मिळू शकतो त्यांची. ती फार आखूड असते. त्यात पती किंवा पत्नी किंवा सहचर, आणि 22 वर्षांखालची अविवाहित मुले हेच प्रामुख्याने बसतात. आई-वडील त्यात नाहीत. धाकटा भाऊ तर नाहीच, मग त्याचे शिक्षण मोठ्याच्या पगारावर चाललेले का असेना.

मराठी माणसाच्या डोक्यात कुटुंब एकच असते. त्यामुळे तो उलटी चूक करतो. जे येऊ शकणार नाहीत अशा आई-बाबांची चौकशी तो दहादा करतो. आणि जी बायको किंवा जे मूल ‘सध्या येणार नाही’ त्याचे नाव गाळून टाकतो. येणारच नाही तर लिहायचे कशाला, असा साधा हिशेब.

हा हिशेब कॅनडाच्या 2002 च्या स्थलांतर नियमावलीतल्या 117 व्या कलमाच्या एका उपकलमापुढे कोसळतो. अर्जदाराने कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला तेव्हा जे कुटुंबीय सोबत येत नव्हते आणि ज्यांची तपासणी झाली नाही, त्यांना पुढे ‘कुटुंब’ म्हणून बोलावता येत नाही. तपासणी म्हणजे वैद्यकीय आणि पोलिसांची. म्हणजे जो येणार नाही त्याचेही नाव लिहायचे, आणि त्याला डॉक्टरकडेही पाठवायचे. नाव लिहून तपासणी टाळली तरी दार बंद होऊ शकते. बायकोला दोन वर्षांनी नेऊ म्हणणाऱ्याला हे विमानात बसण्याआधी कोणी सांगत नाही.

या नियमाची धार किती आहे, हे फिलिपिन्सहून गेलेल्या एका महिलेच्या खटल्यात दिसले. ती 1993 मध्ये आईच्या आधाराने एका मुलीसह कॅनडात गेली. मायदेशी वडिलांकडे राहणाऱ्या आपल्या दोन मुलग्यांचा उल्लेख तिने केला नाही. यथावकाश ती नागरिक झाली, मग 2001 मध्ये तिने मुलांना बोलावण्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. डिसेंबर 2005 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानेही नियम घटनेशी सुसंगत ठरवला. जन्म दिलेली मुले कायद्याच्या लेखी तिच्या कुटुंबात बसेनात. माणुसकीच्या आधारावर वेगळी विनंती करण्याची वाट कॅनडात आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आणि वेळखाऊ आहे. 2019 मध्ये कॅनडाने या नियमातून काहींना प्रायोगिक सवलत दिली. ती निर्वासितांना आणि स्वतः पती-पत्नी वा मूल म्हणून आणल्या गेलेल्यांना. कुशल कामगारांना त्यात जागा नाही. शिकलेल्या माणसाने अर्ज नीट वाचला असणार, असे सरकारने गृहीत धरलेले दिसते. पुण्यातल्या एजंटांची कार्यालये पाहिलेला माणूस असे गृहीत धरणार नाही.

नाव गाळण्यामागे नेहमी विसरभोळेपणा नसतो. काही वेळा तो चक्क हिशेब असतो. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत, जी जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली, उमेदवाराला 1,200 पैकी गुण मिळतात. विशीतल्या एकट्या अर्जदाराला वयाचे 110 गुण, सोबत जोडीदार असेल तर 100. शिक्षणाचे जास्तीत जास्त 150, जोडीदार असेल तर 140. कमी झालेले गुण जोडीदाराच्या शिक्षणाने आणि इंग्रजीने भरून काढायचे असतात. बायको बारावी झालेली आणि इंग्रजीची परीक्षा न दिलेली असली की एजंट म्हणतो, तुम्ही अविवाहित म्हणूनच टाका. खरे तर जोडीदार ‘सोबत येत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले तरी गुण एकट्याचेच धरले जातात. लग्न लपवण्याची गरजच नसते. तरीही लपवले जाते, कारण एजंटला एक रकाना कमी भरावा लागतो. पैशाचेही तसेच. खात्यात किती रक्कम दाखवायची ते कुटुंबाच्या आकारावर ठरते आणि त्यात न येणारी माणसेही मोजली जातात. माणूस गाळला की रक्कम कमी लागते. पकडले गेले की पाच वर्षे कॅनडाचे दार बंद, आणि तिकडे पोहोचल्यावर उघड झाले तर मिळालेला वासही जाऊ शकतो.

आपल्याकडे या गोष्टीला लग्नाच्या तारखेची आणखी एक गाठ बसते. मुलगा पुण्यात असताना अविवाहित म्हणून अर्ज करतो. अर्ज महिनोन्महिने चालतो. इकडे स्थळ जमते आणि तुळशीचे लग्न उरकले की मावळातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा हातोहात जातात. लग्न होते, हळद उतरते, आणि महिन्याभरात कॅनडाचा शिक्का येतो. मुलगा एकटा जातो, बायकोला मागाहून बोलावणार असतो. अर्ज चालू असताना लग्न झाले हे कळवायचे असते, याचे भान दोन्ही घरांना नसते. कागदोपत्री तो अविवाहित म्हणून उतरलेला असतो. मग बायकोचा अर्ज त्याच 117 व्या कलमाला जाऊन धडकतो. इथे कोणी खोटे बोललेले नाही, कोणी फसवलेले नाही, तरी नवरा तिकडे आणि नवरी इकडे. सासरच्या घरी तिला काय ऐकावे लागत असेल, त्याची कल्पना वाचकाने करावी.

याच्या नेमकी उलट खोडही आहे. परदेशी असलेल्या मुलाच्या सोयीसाठी आधी नोंदणी कार्यालयात सही करायची, व्हिसाचे काम मार्गी लावायचे, आणि वाजतगाजत लग्न सवडीने करायचे. 19 एप्रिल 2024 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी या प्रथेचा स्पष्ट समाचार घेतला. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने विवाह होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वेळ वाचावा म्हणून परदेशी व्हिसासाठी आई-वडील अशी नोंदणी करवतात, हेही निकालात नमूद आहे. म्हणजे ज्या प्रमाणपत्रावर ‘पत्नी’ हा रकाना भरला, तेच प्रमाणपत्र भारतात टिकणार नाही. ज्यांना खरोखर घाई आहे त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, महिन्याच्या नोटिशीसह. पण नोटीस म्हटले की घरच्यांना कमीपणा वाटतो.

अर्जात पत्नी कोणाला म्हणायचे हा वाद पुणेकरांना नवा असू नये. मार्च 1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी ख्रिस्ती पद्धतीने न झालेल्या लग्नाची बायको तिथे राहणाऱ्या हिंदी माणसाची पत्नी धरण्यास नकार दिला. एका झटक्यात तिथल्या हजारो हिंदी स्त्रिया कायद्याने बायका राहिल्या नाहीत. त्याच वर्षीच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्यामागे हे एक मोठे कारण होते. पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले 1912 च्या अखेरीस तिकडे जाऊन आले होते, आणि लढ्यासाठी इथून निधी उभा करण्यात ते पुढे होते. 1914 च्या कायद्याने एकपत्नी विवाहाला मान्यता मिळाली. तेव्हा बायको नाकारली ती परक्या सरकारने. आज ती अर्जातून आपलाच माणूस गाळतो, हा फरक बोचणारा आहे.

नाव गाळण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल बोलणे अवघड आहे. घरात आजारी किंवा अपंग मूल असते. ऑस्ट्रेलियाच्या कायमच्या व्हिसात कुटुंबातल्या एकाची तब्येत निकषात बसली नाही तर साऱ्यांचा अर्ज अडतो, आणि बहुतेक वेळा न जाणाऱ्या सदस्यांनाही ही अट लागू असते. 2008 मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या हॉर्शम गावात काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरला याच कारणाने नकार मिळाला, कारण त्याच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. डॉक्टरची गावाला गरज होती, गावकरी त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि शेवटी मंत्र्यांनी विशेष अधिकार वापरून परवानगी दिली. असा नियम असेल तर बाप मुलाचे नाव लपवील, यात नवल ते काय. दोष बापाचा आहेच, पण तो अर्धाच. माणसाची किंमत उपचाराच्या खर्चाने मोजणारा नियम खोटे बोलायला भाग पाडतो आणि मग खोटे बोलल्याची शिक्षाही देतो.

आता घरच्या कागदांकडे वळू, कारण अडचण तिकडेही आहे. मराठी घरात माणसाला एकापेक्षा जास्त नावे असतात. माहेरचे नाव वेगळे, सासरी तांदळात लिहिलेले वेगळे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. मधले नाव आधी वडिलांचे, मग नवऱ्याचे. परदेशी अधिकाऱ्याला ही एकच बाई आहे हे पटवायला राजपत्रातली जाहिरात, प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला लागतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा राज्याचा निर्णय योग्यच आहे. पण त्याने मोठ्या भावंडांचे नाव एका पद्धतीचे आणि धाकट्याचे दुसऱ्या पद्धतीचे, असा नवा पेच अर्जात उभा राहणार, हे आधीच ओळखून ठेवलेले बरे. जुन्या पिढीची नोंद कोतवालाने केलेली असते, आणि तिच्यात पुष्कळदा बाळाचे नावच नसते. पुत्र किंवा कन्या एवढीच.

भावाचा मुलगा मांडीवर घेतलेला असतो. तो लहानपणापासून त्याच घरात वाढतो, रेशनकार्डावर त्याचे नाव असते, सारा गाव त्याला मुलगाच मानतो. पण 1956 च्या दत्तक कायद्याप्रमाणे दत्तकविधान झाले नसेल तर परदेशी अर्जात तो मुलगा नाही. गावच्या साऱ्या साक्षी तिथे कवडीमोलाच्या.

मावळात तर आणखी एक गंमत आहे, जिच्यावर हसावे की रडावे कळत नाही. द्रुतगती मार्ग झाला, पवना जलाशयाभोवती बंगले उठले, जमिनीचे भाव आभाळाला भिडले. वारस नोंद करताना पुष्कळ घरांत बहिणींची नावे तलाठ्याला सांगितलीच जात नाहीत किंवा नंतर हक्कसोड लिहून घेतला जातो. महाराष्ट्राने मुलींना समान वाटा 1994 मध्येच दिला, देशाने 2005 मध्ये दिला, तरी हे चालू आहे. अशाच घरातला मुलगा परदेशी अर्ज भरताना सगळ्या भावंडांची यादी देतो, तीन बहिणींसकट, जन्मतारखांसकट. सातबाऱ्यावर एकुलता एक असलेला भाऊ परदेशी कागदावर चार भावंडांतला एक होतो. जमिनीचा वाद कोर्टात गेला तर पहिला पुरावा घरातूनच निघेल. वारसांची यादी लिहायला गावात कोणी कमी पडत नाही, फक्त कोणती नावे कधी आठवायची हे सोयीने ठरते.

जो सगळ्यांची नावे खरी लिहितो त्याचे भले होते, असे मात्र समजू नये. ब्रिटनने फेब्रुवारी 2022 मध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांसाठी दार उघडले तेव्हा त्यांना पती-पत्नी आणि मुले सोबत नेता येत होती. 11 मार्च 2024 पासून नव्याने जाणाऱ्या शुश्रूषा कामगारांना ती सोय बंद झाली. 22 जुलै 2025 पासून परदेशातून अशी भरतीच थांबली. अमेरिकेत एच-वन-बीवर गेलेल्या मराठी अभियंत्यांच्या घरात दुसरे दुःख आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, भारताची रांग दशकांची, आणि मूल 21 वर्षांचे झाले की ते आई-बापाच्या अर्जातून बाहेर पडू शकते. 2002 च्या एका कायद्याने काही मुलांना आधार दिला, सगळ्यांना नाही. या देशांना कामाचे हात हवे असतात, हातांमागची माणसे नको असतात. हे एकदा स्पष्ट झाले की अर्जाला भाबडेपणाने सामोरे जाण्याचे कारण उरत नाही.

आई-वडिलांच्या बाबतीत थोडी आशा जर्मनीकडून आहे. 1 मार्च 2024 पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगाराला जोडीदार आणि मुलांखेरीज आई-वडील, आणि जोडीदाराचेही आई-वडील, नेण्याची वाट कायद्याने मोकळी केली. अट निर्वाहाची आणि आरोग्य विम्याची. उतारवयात असा विमा मिळवणे सोपे नाही, तरी सासू-सासऱ्यांना कुटुंब मानणारा स्थलांतर कायदा मराठी माणसाला ओळखीचा वाटावा.

आणि इथे महाराष्ट्र सरकारचा संबंध थेट येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात 10 हजार कुशल तरुण पाठवण्याचे ठरवले. परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणीवाले, चालक अशी कामे. जर्मन भाषेच्या वर्गांची सगळीकडे चर्चा झाली. व्हिसाच्या अर्जात पती-पत्नी, मुले आणि आई-वडील यांचे रकाने आहेत, आणि शंका आली तर जर्मन वकिलात गावच्या कार्यालयातल्या मूळ नोंदीपर्यंत पडताळणी करवते, हे त्या वर्गात कोण शिकवणार? क्रियापदे चालवता येतात पण जन्मनोंदीत नाव नाही, अशा मुलीला भाषेच्या प्रमाणपत्राचा काय उपयोग?

खासगी एजंटांचा बाजार आहे तोवर फसवणूक होणार. कॅनडात सल्लागारांचे नियमन करणारी संस्था नोव्हेंबर 2021 पासून कामाला लागली आहे, आणि पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याचे नाव तिच्या यादीत आहे का, हे कोणालाही मोबाइलवर पाहता येते. वकील असेल तर तिथल्या वकील परिषदेची यादी असते. तेवढी तसदी घेणारे घर फसायचे वाचते. पण सरकार स्वतः मध्यस्थ होऊन तरुण पाठवत असेल तर त्याची जबाबदारी एजंटापेक्षा मोठी आहे. भाषावर्गाच्या जोडीला तहसील कार्यालयात कुटुंबाच्या कागदांची शिबिरे भरवावीत. नाव नसलेल्या जन्मनोंदी, राहून गेलेल्या विवाह नोंदणी, न झालेले दत्तकविधान, बाईची दोन नावे, हे सारे एका जागी दुरुस्त व्हावे. जातपडताळणीसाठी अशी शिबिरे झालीच आहेत, तेव्हा हे अशक्य नाही.

आणि अर्जदाराने एजंटाच्या कार्यालयात कोऱ्या अर्जावर सही करू नये. कुटुंबाचे पान घरी आणावे, आई-वडिलांसमोर आणि बायकोसमोर मोठ्याने वाचावे, घटस्फोटानंतर दुसरीकडे वाढणारे मूल असेल तर तेही लिहावे. कॅनडाला निघालेल्या हिंजवडीतल्या मंडळींनी लक्षात ठेवावे की वर्षभर एका घरात पती-पत्नीसारखे राहिलेली जोडीदारही तिथल्या कायद्याने कुटुंबात मोडते, घरी सांगितले नसले तरी. अर्ज दिल्यानंतर लग्न झाले किंवा मूल झाले तर विमानात बसण्याआधी लेखी कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.